आधी पासपोर्टवरचं नाव, मग स्टेप वन : अमेरिकेत रेसिडेन्सीला निघालेल्या डॉक्टरांसाठी

इंटर्नशिप संपत आली की माझ्या फोनवर एकाच धर्तीचे मेसेज येऊ लागतात. “दादा, स्टेप वनला किती महिने लागतात?” स्टेप वन म्हणजे अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या यूएसएमएलई या तीन टप्प्यांच्या परवाना परीक्षेचा पहिला टप्पा, आणि रेसिडेन्सी म्हणजे तिथलं पदव्युत्तर प्रशिक्षण. माझं उत्तर ठरलेलं आहे. पासपोर्टच्या पहिल्या पानाचा आणि फायनल इयरच्या मार्कशीटचा फोटो पाठव. समोरचा बुचकळ्यात पडतो. अभ्यासाचं विचारलं तर हा कागद का मागतोय?

कारण या वाटेवर हुशार मुलं परीक्षेत कमी आणि कागदात, तारखांत जास्त अडकतात. मीही अडकलो होतो.

त्याआधी एक आकडा. मॅच म्हणजे उमेदवार आणि हॉस्पिटलं यांच्या पसंती जुळवून रेसिडेन्सीच्या जागा वाटायची पद्धत. तिच्यात उतरणाऱ्या, अमेरिकेचं नागरिकत्व नसलेल्या परदेशी पदवीधरांपैकी जागा मिळणाऱ्यांचं प्रमाण २०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षी ५८ टक्क्यांच्या आसपास होतं. म्हणजे सगळ्या परीक्षा देऊन, पैसे भरून उतरलेल्या दहांतले चार जण रिकाम्या हाताने परततात. हे घरी आधी सांगून ठेवा, मग पुढचं वाचा.

नावाचं लचांड

आपल्याकडे मार्कशीटवर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. विद्यापीठाच्या काही कागदांवर आईचंही नाव. पासपोर्टवर आडनाव एका रकान्यात, स्वतःचं आणि वडिलांचं दुसऱ्यात. वडील कुठे विलास असतात, कुठे विलासराव. लग्न झालेल्या मुलींच्या बाबतीत तर डिग्री माहेरच्या नावाची आणि पासपोर्ट सासरच्या. आपल्याला यात काही वावगं वाटत नाही, पण तिकडच्या पडताळणीत ही दोन माणसं ठरू शकतात. परीक्षेच्या परमिटवरचं नाव ओळखपत्राशी जुळलं नाही, तर केंद्रावरून परत पाठवतात. फी गेली ती गेलीच.

माझ्या डिग्रीवर वडिलांच्या नावापुढे ‘राव’ होतं, पासपोर्टवर नव्हतं. दुरुस्तीसाठी गेलो तर खिडकीतले गृहस्थ म्हणाले, “दोनच तर अक्षरं आहेत साहेब, अमेरिकेत कोण बघतंय?” बघितलं. ती दोन अक्षरं निस्तरण्यात सात आठवडे गेले आणि माझी परीक्षेची तारीख पुढे सरकली.

तेव्हा पहिलं काम हे : दहावीचं प्रमाणपत्र, एमबीबीएसच्या सगळ्या मार्कशीट, डिग्री, मेडिकल कौन्सिलची नोंदणी आणि पासपोर्ट एका टेबलावर मांडा. इंग्रजी स्पेलिंग एकेका अक्षराने ताडून पाहा. जिथे फरक असेल तिथे शक्यतो पासपोर्ट डिग्रीप्रमाणे करून घ्या, कारण विद्यापीठापेक्षा पासपोर्ट ऑफिस लवकर हलतं. लग्नानंतर नाव बदलायचं असेल तर ते ही सगळी गाडी मार्गी लागल्यावर बदला. सासूबाई रुसल्या तर चालेल.

एक जुलैपासून उलटं मोजा

अमेरिकेत रेसिडेन्सी साधारण १ जुलैला सुरू होते. बाकीचं वेळापत्रक त्या तारखेला बांधलेलं आहे. त्याच वर्षीच्या मार्चच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास मॅचचा निकाल. फेब्रुवारीत पसंतीक्रम भरायचा. ऑक्टोबर ते जानेवारी इंटरव्ह्यू. त्याआधीच्या सप्टेंबरात अर्ज. अर्जात स्टेप टूचा स्कोअर हवा, म्हणजे ती परीक्षा फार तर जुलैअखेर. त्यामागे स्टेप वन, आणि मध्ये कुठेतरी दोन-तीन महिन्यांची रोटेशन, म्हणजे अमेरिकेतल्या हॉस्पिटलात जाऊन घ्यायचा अनुभव.

आज इंटर्नशिप संपली आणि अजून पुस्तक उघडलेलं नाही, अशी स्थिती असेल तर प्रत्यक्ष वॉर्डात उभं राहायला दोन ते अडीच वर्षं धरा. “एका वर्षात होतं” म्हणणाऱ्यांनी थर्ड इयरपासून अभ्यास केलेला असतो, तेवढं ते सांगत नाहीत.

सरकारी कॉलेजातून शिकला असाल तर या मोजणीत बाँडचं एक वर्षही बसवा. ग्रामीण सेवा टाळणं सोपं नाही, आणि बाँड लटकत ठेवून निघालेल्यांची कागदपत्रं कॉलेज अडवून ठेवतं. माझा सल्ला, सेवा करून टाका. त्या वर्षात अभ्यासही होतो, आणि तिथली एक गोष्ट पुढे अर्जात कामी येते. ती खाली सांगतोच.

दार कोणाचं?

परदेशी पदवीधरांची छाननी ईसीएफएमजी ही संस्था करते. १९५६ साली सुरू झालेली, मुख्यालय फिलाडेल्फियात. आता ती इंटेल्थ नावाच्या छत्राखाली आहे. तिचं प्रमाणपत्र असल्याशिवाय रेसिडेन्सी सुरू करता येत नाही. त्यासाठी चार गोष्टी लागतात : पडताळलेली डिग्री, स्टेप वन, स्टेप टू सीके, आणि ‘पाथवे’ म्हणजे तुम्हाला रुग्ण तपासता येतात व इंग्रजीत बोलता येतं याचा पुरावा.

तुमचं कॉलेज जागतिक वैद्यकीय विद्यालयांच्या यादीत आहे आणि त्यापुढे ईसीएफएमजीची पात्रता लिहिलेली आहे, हे स्वतः पाहून घ्या. भारताच्या एनएमसीला, म्हणजे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला, सप्टेंबर २०२३ मध्ये डब्ल्यूएफएमई या वैद्यकीय शिक्षणाच्या जागतिक महासंघाची दहा वर्षांसाठी मान्यता मिळाली, त्यामुळे आपल्या मान्यताप्राप्त कॉलेजांच्या मुलांची ‘कॉलेजची मान्यता तिकडे चालेल का’ ही मोठी चिंता मिटली.

डिग्रीच्या पडताळणीचा निरोप थेट कॉलेजला ऑनलाइन जातो. आणि तिथे तो पडून राहतो. कॉलेजात त्या पोर्टलचं लॉगिन नेमकं कोणाकडे आहे, हे शोधून काढा. बहुतेक ठिकाणी डीन ऑफिसमधले एखादे वरिष्ठ लिपिक असतात, तेच हे सगळं सांभाळतात, आणि ते रजेवर गेले की विषय संपला. त्यांना प्रत्यक्ष भेटा, नम्रपणे बोला, नंबर घ्या. डीनचं पत्र, म्हणजे एमएसपीई, आणि ट्रान्सक्रिप्टही त्याच टेबलावरून जाणार आहे.

परीक्षा

स्टेप वन २६ जानेवारी २०२२ पासून फक्त पास-नापास आहे. आठ तास, जास्तीत जास्त २८० प्रश्न. पास-नापास झाली म्हणून सोपी झाली असं समजू नका. नापासाचा शिक्का कायम तुमच्या परीक्षेच्या ट्रान्सक्रिप्टवर राहतो आणि बरेच प्रोग्रॅम, म्हणजे रेसिडेन्सी देणारी हॉस्पिटलं, तो पाहूनच अर्ज बाजूला ठेवतात. ही परीक्षा काढणाऱ्या एनबीएमई या संस्थेच्या सराव परीक्षांमध्ये ओळीने दोन-तीनदा भरपूर अंतराने पास होत असाल तरच बसा. “तारीख घेतलीये म्हणून देऊन टाकतो” हे नीटला चालतं, इथे नाही. एका स्टेपला आयुष्यात चारच प्रयत्न मिळतात.

अभ्यास कसा? प्रश्न सोडवून. आपल्याला आधी पुस्तक तीनदा वाचायची, मग प्रश्नांकडे जायची सवय असते. इथे उलटं करा. यूवर्ल्डची क्यूबँक, म्हणजे ऑनलाइन प्रश्नसंच, पहिल्या महिन्यातच उघडा, चुका करा, स्पष्टीकरण वाचा. प्रश्न कसा येतो पाहा : पंचावन्न वर्षांचा माणूस, महिनाभर खोकला, वजन कमी झालंय, सोडियम ११८. आपण ‘टीबी’ म्हणायला तोंड उघडतो. पण प्रश्नातला माणूस ओहायोत राहतो आणि चाळीस वर्षं सिगारेट ओढतोय. उत्तर फुफ्फुसाच्या स्मॉल सेल कॅन्सरकडे जातं. रोग तेच असतात, फक्त कोणता आधी आठवायचा तो क्रम बदलावा लागतो, आणि त्याला दोन-तीन हजार प्रश्न जावे लागतात.

स्टेप टू सीके नऊ तासांची आहे आणि तिला अजून स्कोअर आहे. स्टेप वनचा आकडा गेल्यापासून सगळा भार हिच्यावर आला. पास व्हायला जुलै २०२५ पासून २१८ लागतात, पण पास होणं हा आपला प्रश्नच नाही; आपल्याला इंटर्नल मेडिसिनसाठीसुद्धा २४०-२५०च्या पुढे असलं तर जीव भांड्यात पडतो. एकदा पास झालं की स्कोअर वाढवायला पुन्हा बसता येत नाही, त्यामुळे घाई नको.

परीक्षा घेणाऱ्या प्रोमेट्रिक कंपनीचं मुंबईत केंद्र आहे. आदल्या रात्री गावाहून निघून सकाळी केंद्रावर पोचायचा पराक्रम करू नका, दोन दिवस आधी जा. सुरुवातीचं ट्युटोरियल घरीच पाहून ठेवा. तिथे ते सोडून दिलं की वाचलेली मिनिटं विश्रांतीच्या वेळेत जमा होतात. डबा न्या. मी दशम्या आणि गूळ नेला होता. लॉकरशेजारी उभं राहून चार मिनिटांत खाऊन होतो आणि झोप येत नाही.

आणि हो, ‘रिकॉल’. टेलिग्रामवर कोणी खऱ्या परीक्षेतले प्रश्न विकत असेल तर त्या ग्रुपमधून बाहेर पडा. जानेवारी २०२४ मध्ये नेपाळशी जोडलेल्या शेकडो परीक्षार्थींचे निकाल याच संशयावरून रद्द झाले. त्यांतले काही जण तेव्हा अमेरिकेत रेसिडेन्सी करत होते.

ओईटी आणि पाथवे

स्टेप टू सीएस नावाची, अमेरिकेत जाऊन नकली रुग्ण तपासायची परीक्षा २०२१ मध्ये कायमची बंद झाली. तिच्या जागी पाथवे आले. इंटर्नशिपनंतर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची कायम नोंदणी झालेल्यांना बहुधा पहिला पाथवे पुरतो. विद्यार्थ्यांसाठी कॉलेजच्या मान्यतेवर आधारलेले वेगळे आहेत. कुठलाही घ्या, ओईटी मेडिसिन ही इंग्रजीची परीक्षा सगळ्यांना. ऐकणं, वाचणं, बोलणं यांत ३५० आणि लिहिण्यात ३०० हवेत. मराठी माध्यमातून आलेल्यांना हिची उगाच धास्ती असते. तीन आठवड्यांची तयारी पुरते. बोलण्याच्या भागात मात्र औषध सांगण्यापूर्वी रुग्णाला काय वाटतंय ते विचारायचं असतं, आणि ओपीडीत दिवसाला दीडशे पेशंट पाहिलेल्या माणसाला तेवढंच जड जातं.

अमेरिकेतलं रोटेशन

शिफारसपत्रं अमेरिकन डॉक्टरांची लागतात, आणि ती मिळवायला तिथे जाऊन काम करावं लागतं. अजून विद्यार्थी असाल तर इलेक्टिव्ह करा, ते सर्वांत वजनदार, कारण त्यात रुग्णाला हात लावता येतो. पदवी हाती पडली की राहते ऑब्झर्व्हरशिप, म्हणजे बाजूला उभं राहून पाहणं. म्हणून फायनल इयरची मुलं हे वाचत असतील तर त्यांनी स्टेपच्या आधी इलेक्टिव्हचे अर्ज पाहावेत. ही संधी पुन्हा येत नाही.

जागा मिळवायला शंभर ईमेल पाठवावे लागतात, पाच उत्तरं येतात. आपल्या कॉलेजचे तिथे असलेले माजी विद्यार्थी हा पहिला दरवाजा. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या स्थानिक मंडळांत डॉक्टर मंडळी असतात, राहायची खोलीही कधी तिथूनच जमते. पैसे घेऊन रोटेशन लावणाऱ्या कंपन्याही आहेत. त्यांतल्या काही बऱ्या असतात, पण ‘पत्राची हमी’ देणाऱ्याकडे जाऊ नका. तयार पत्र आणि तयार रिसर्च पेपर विकणारे तर आपल्या मुळावर उठलेले लोक आहेत.

तिथे गेल्यावर लवकर या, उशिरा जा, आणि बोला. आपण सरांसमोर मान खाली घालून उभं राहायला शिकलेलो असतो. तिकडे गप्प राहणाऱ्याला काही येत नाही असं धरतात.

अर्ज

अर्ज ईआरएएस या पोर्टलवरून जातो. सप्टेंबरच्या सुरुवातीपासून पाठवता येतो आणि महिनाअखेर सगळ्या प्रोग्रॅमना एकाच दिवशी दिसतो. त्या दिवशी तुमचा अर्ज तिथे हवाच.

पैशाचं गणित असं. २०२५च्या हंगामात एका शाखेतल्या पहिल्या ३० प्रोग्रॅमना प्रत्येकी ११ डॉलर आणि त्यापुढे प्रत्येकी ३० डॉलर पडत होते. शंभर ठिकाणी अर्ज केला तर ३३० अधिक २,१००, म्हणजे २,४३० डॉलर. दोन्ही स्टेपना प्रत्येकी हजार डॉलरच्या पुढे, ओईटी, रोटेशनचा प्रवास आणि राहणं धरून सगळा खर्च बारा-पंधरा लाखांच्या घरात जातो. ज्या कार्डाने फी भरणार त्यावर आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू आहेत ना, हे आदल्या दिवशीच पाहा.

यादी करताना फ्रीडा या डेटाबेसवर प्रोग्रॅम चाळा आणि त्यांच्या संकेतस्थळावर जाऊन तीन गोष्टी पाहा : परदेशी पदवीधर सध्या तिथे आहेत का, कोणता व्हिसा देतात, आणि पदवीला किती वर्षं झालेली चालतात. पुष्कळ ठिकाणी पाच वर्षांची कात्री आहे. इंटर्नल मेडिसिन, फॅमिली मेडिसिन, पीडिअ‍ॅट्रिक्स, पॅथॉलॉजी, न्यूरोलॉजी, सायकिअ‍ॅट्री इथे आपल्याला वाव आहे. त्वचारोग किंवा ऑर्थोपेडिक्सचं स्वप्न असेल तर काही वर्षं तिथे संशोधनात काढायची तयारी लागते. आणि इथे एमडी झालेल्यांनो, वाईट वाटेल, पण तिकडे पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरुवात असते.

आता बाँडची गोष्ट. पर्सनल स्टेटमेंट हे एका पानाचं मनोगत. दहांतले आठ जण “लहानपणापासून मला डॉक्टर व्हायचं होतं” इथून सुरुवात करतात. माझ्या एका ज्युनिअरनेही केली होती. तिला म्हटलं, ग्रामीण रुग्णालयातली एखादी रात्र सांग. तिने सांगितलं : घोणस चावलेला शेतमजूर, लॅब बंद, म्हणून काचेच्या नळीत रक्त घेऊन ती वीस मिनिटं न हलवता ठेवली आणि रक्त गोठतंय का बघत बसली. नळी तिरकी केली तर रक्त पाण्यासारखं वाहिलं. प्रतिविष चालू केलं आणि मग पहाटेपर्यंत दर सहा तासांच्या नळीची वाट. बाकी काही लिहू नकोस, हेच लिही, म्हटलं. पुढे जवळपास प्रत्येक इंटरव्ह्यूत तिला त्या नळीबद्दल विचारलं.

सिग्नल नावाची एक सोय आहे. मेडिसिनला तीन सोन्याचे आणि बारा चांदीचे सिग्नल मिळतात, म्हणजे “मला तुमच्याकडेच यायचंय” असं सांगायच्या पंधरा चिठ्ठ्या. त्या मोठ्या नावांवर उधळू नका. जिथे तुमच्यासारखे लोक आधीच आहेत तिथे वापरा.

इंटरव्ह्यू आणि पसंतीक्रम

इंटरव्ह्यू आता बहुतेक झूमवरच होतात. न्यूयॉर्कचे सकाळचे आठ म्हणजे हिवाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसहा. कॅलिफोर्नियाचे आठ म्हणजे रात्रीचे साडेनऊ. इन्व्हर्टर तपासा, दुसरं नेट जवळ ठेवा, आणि घरच्यांना कुकर लावू नका म्हणून सांगा.

पसंतीक्रमाबद्दल फार गैरसमज आहेत, म्हणून जरा थांबतो. आपण कॅप राउंडला सरावलेलो, त्यामुळे “मोठं नाव वर टाकलं तर खालची हक्काची जागा जाईल” अशी भीती असते. इथे तसं होत नाही. संगणक आधी तुमच्या पहिल्या पसंतीचं दार ठोठावतो. त्यांनी त्यांच्या यादीत तुम्हाला घेतलं असेल आणि जागा असेल तर तुम्ही तिथे तात्पुरते बसता. नसेल तर तो दुसऱ्या दाराशी जातो, आणि तिथे तुमच्या आधी कोणी बसलेला असला, पण त्या प्रोग्रॅमला तुम्ही त्याच्यापेक्षा जास्त हवे असाल, तर त्याला उठवून तुम्हाला बसवतात. म्हणजे पहिल्या दाराशी गेल्याने दुसऱ्या दारावरचा तुमचा हक्क रेसभरही कमी होत नाही. ही रचना नव्याने बसवणाऱ्या अल्विन रॉथ यांना २०१२ साली लॉइड शॅपली यांच्यासोबत अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. तेव्हा मनात जो क्रम आहे तोच भरा. “आम्ही तुम्हाला वर ठेवलंय” अशी गोड ईमेल आली तरी क्रम हलवू नका.

मॅचच्या आठवड्यात सोमवारी फक्त ‘मिळालं’ किंवा ‘नाही’ कळतं, कुठे ते शुक्रवारी. नाही आलं तर रडायला वेळ नसतो; गुरुवारपर्यंत सोप चालतं, त्यात उरलेल्या जागांसाठी ४५ अर्ज करता येतात. त्यासाठीचं मनोगत आधीच लिहून ठेवा, मला नक्की मिळणार असं वाटत असलं तरी.

व्हिसा

बहुतेकांना जे-१ मिळतो. तो ईसीएफएमजी पुरस्कृत करते आणि त्याला एक अट आहे : शिक्षण संपल्यावर दोन वर्षं मायदेशी परत. ती माफ करून घ्यायचा नेहमीचा मार्ग म्हणजे कॉनरॅड ३०. प्रत्येक राज्य वर्षाला ३० डॉक्टरांसाठी माफीची शिफारस करू शकतं, आणि त्या बदल्यात डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षं काम करायचं.

जे-१साठी दिल्लीच्या आरोग्य मंत्रालयाकडून ‘स्टेटमेंट ऑफ नीड’ नावाचं पत्र लागतं. मॅच लागल्याच्या आनंदात लोक हे विसरतात आणि मग एप्रिल-मे धावपळीत जातात. शिकून परत येईन असं हमीपत्रही त्यात द्यावं लागतं. पासपोर्टवरचं नाव, डिग्रीवरचं नाव, पुन्हा तेच.

एच-१बी हवा असेल तर स्टेप थ्री आधीच पास झालेली असावी लागते, आणि ती फक्त अमेरिकेतच देता येते. शिवाय सप्टेंबर २०२५च्या आदेशाने देशाबाहेरच्या माणसासाठीच्या नव्या एच-१बी अर्जावर एक लाख डॉलरचा आकार लागला. तेव्हा अर्ज करतानाच जे-१ देणारे प्रोग्रॅम भरपूर धरा.

निघण्यापूर्वी

हॉस्पिटल लसीकरणाचे पुरावे मागेल. लहानपणीचं कार्ड सापडत नसेल तर गोवर, कांजिण्या, हिपॅटायटिस बी यांच्या अँटीबॉडी इथेच तपासून घ्या. तिकडे तेच महाग पडतं. टीबीसाठी त्वचेची चाचणी करू म्हणाले तर सांगा की बीसीजी घेतलेली आहे, रक्ताची चाचणी करा. दंडावरचा तो वण दाखवला की तिथल्या नर्सना बहुधा तो काय आहे हेच माहीत नसतं.

पहिल्या वर्षाचा पगार साधारण ६५ ते ७० हजार डॉलर असतो, पण पहिला चेक जुलै उलटता-उलटता येतो. घरमालक क्रेडिट स्कोअर विचारेल, तो तुमचा शून्य. प्रोग्रॅमच्या कोऑर्डिनेटरकडून पगाराचं पत्र घेऊन ठेवा, आणि दोन-तीन महिन्यांचं भाडं व अनामत जवळ असू द्या. शक्य तर जाणाऱ्या सीनिअर रेसिडेंटची खोलीच धरा. त्यात बहुतेक वेळा गादी, टेबल आणि अर्धवट भरलेला मसाल्याचा डबा आयताच मिळतो.